चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्या

सोलापूर, ९ डिसेंबर २०२४

चि. शिवलीला,

तू जर्मनीहून अव्वाच्या फोनवर पाठवलेलं तिनं मला वाचून दाखवलं. "अप्पांनी फोन करू नये, मी उचलणार नाही. मला फिट कधीपासून येते, कुठली गोळी, किती, कुणाच्या चिठ्ठीवर, हे कागदावर लिहून पाठवावं, इथल्या डॉक्टरांना हवंय." एवढंच होतं. तब्येतीचं काही नव्हतं. मी अव्वाला विचारलं तर म्हणाली, "मला विचारू नका."

गोळी सोडियम व्हॅल्प्रोएट. पाचशे मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक. २०१३ सालापासून. सुरुवातीला दोनशेची होती, नंतर वाढवली. डॉक्टरांना एवढं पुरेसं व्हावं. मी चौतीस वर्षं औषधांच्या लाईनीत आहे, मला ठाऊक आहे त्यांना काय लागतं. जुने कागद दुकानाचं फर्निचर केलं तेव्हा इकडचे तिकडे झाले. आता ते सापडतील असं वाटत नाही.

विरेशच्या मनात सासरा म्हणून माझ्याबद्दल काही बसलं असेल तर तू त्याला समजाव. तुला फिट आली, तू जिन्यावरून पडलीस, त्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा लाईन नीट लागत नव्हती. दुकानात गिऱ्हाईक होतं, बाहेर सात रस्ता चौकातले हॉर्न. तो काय विचारतोय ते मला धड ऐकूच आलं नाही.

पाचव्या महिन्यात बाळ जाणं ही लई मोठी गोष्ट आहे. पण तुझं वय अजून सत्तावीस आहे. थंडीत बाहेर पडू नकोस.

अप्पा

सोलापूर, ४ जानेवारी २०२५

चि. शिवलीला,

तुझा निरोप मिळाला. "अप्पांनी लिहिलेलं डॉक्टरांना दाखवण्यासारखं नाही." असं तू अव्वाला म्हणालीस. पहिली फिट कधी, कशी, किती वेळ, तपासण्या कुठल्या, डॉक्टर कोण, त्यांच्याकडं जाणं का थांबलं, हे सगळं पाहिजे.

बरं. सांगतो.

तू अकरावीत होतीस. जुलै महिना, २०१३. दुपारी क्लासवरून थेट दुकानात आलीस, डबा खायला. काउंटरच्या आत स्टुलावर बसलीस, आणि मी गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देत असताना मागं स्टूल पडल्याचा आवाज झाला. वळून बघितलं तर तू खाली, डोळे वर गेलेले, हातपाय झटकत होते. अडीच मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं, कारण झटका किती वेळ चालतो ते मोजायचं असतं, दुकानदार म्हणून मला ते माहीत होतं. आणि घड्याळ बघायच्या आधी मी काय केलं तेही लिहितो. मी शटर अर्धं खाली ओढलं. लोक बघतील म्हणून.

त्याच आठवड्यात पृथ्वीराज डॉक्टरांकडं नेलं. मेंदूचा आलेख काढला, स्कॅन केला. ते तुझ्याशीच बोलले, माझ्याशी नाही. तुला आठवत असेल, ते म्हणाले होते, "हा आजार आहे, गुन्हा नाही. गोळी रोज घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी मला तोंड दाखवायचं." दोन वर्षं आपण जात होतो.

२०१५ च्या दिवाळीनंतर आपण गेलो तेव्हा बाकावर करकंबचे आपले सोयरे बसले होते, त्यांच्या म्हाताऱ्याला घेऊन. त्यांनी विचारलं, "कुणाला दाखवायला आलाय?" मी म्हणालो, "मलाच, डोकं दुखतंय." तू माझ्याकडं बघितलंस. त्यानंतर मी तुला तिथं नेलं नाही. मेडिकल घरचंच होतं. चिठ्ठी कोण मागणार होतं? दर महिन्याला मी पाकिटं घरी आणत होतो आणि तू घेत होतीस, लग्नानंतरही विरेशला न कळता. दुसऱ्या कुणी माझ्याकडं विनाचिठ्ठी ती गोळी मागितली असती तर मी दिली नसती. लई कडक म्हणून माझं नाव होतं.

विरेशचं स्थळ आलं तेव्हा आई म्हणून अव्वा म्हणाली, सांगून टाकू. मी म्हणालो, अकलूजची माणसं चांगली आहेत, पण चांगली माणसंही अशा वेळी नको म्हणतात. तूही तेव्हा म्हणाली होतीस, "अप्पा, मी सांगू का त्यांना?" मी काय उत्तर दिलं ते तुला माहीत आहे. ते डॉक्टरांच्या कामाचं नाही.

विरेश घरी नीट वागतो का तुझ्याशी?

अप्पा

सोलापूर, ३० जानेवारी २०२५

चि. शिवलीला,

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली. आम्ही गेलो नाही. अव्वा देवळात एकटीच जाऊन आली.

तुला जर्मनीला पाठवतानाचं, मागच्या मार्चमधलं, लिहायचं राहिलं होतं. तू विचारलं नाहीस, पण तिथल्या डॉक्टरांना तुझ्या गोळ्या नेमक्या कधी बंद पडल्या हे कळलं पाहिजे. आणि मलाही ते एकदा सरळ लिहून काढायचं आहे.

परदेशात औषध नेताना काय करायचं असतं ते मला पाठ होतं. दुकानात माणसं विचारायला येतात, मुलाकडं अमेरिकेला चाललो, दुबईला चाललो. मी त्यांना सांगतो, गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र घ्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिकडं चालत नाही, सामानात नको, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि तिकडं पोचल्यावर पहिल्या महिन्यातच डॉक्टर शोधा. शेकडो लोकांना हे सांगितलं असेल.

स्वतःच्या लेकीसाठी मी दुकानात बसून तीनशे साठ गोळ्या एकेक करून पाकिटातून सोडवल्या आणि कॅल्शियमच्या दोन डब्यांत भरल्या. सहा महिन्यांच्या. व्हॅल्प्रोएटला हवेतली ओल चालत नाही, गोळी विरघळायला लागते, म्हणून ती पाकिटात असते. हेही मला माहीत होतं. तू विमानतळावर विरेशच्या शेजारी उभी होतीस आणि डबे तुझ्या बॅगेत होते. मला तेव्हा फक्त याचा आनंद होता की कुणाला काही कळलं नाही.

जूनमध्ये तू फोन केलास, "अप्पा, दिवस गेलेत." आणि लगेच पुढं हळू आवाजात विचारलंस, "ती गोळी बाळाला चालते ना?"

मी म्हणालो, "चालते."

चालत नाही. पोटातल्या बाळाला त्या गोळीनं इजा होऊ शकते. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांकडं जाऊन गोळी बदलून घ्यायची असते. ते पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं आहे. ते कागद मी गोळ्या सोडवताना कचऱ्यात टाकले होते. तुला खरं सांगितलं असतं तर तू तिकडं डॉक्टर गाठला असता, डॉक्टरचा कागद इन्शुरन्सकडं गेला असता, इन्शुरन्सचं पत्र घरी आलं असतं आणि ते विरेशनं उघडलं असतं. त्या एका शब्दामागं मी एवढा लांबचा विचार केला होता, शिवलीला. बाळाचा नाही केला.

तू नंतर स्वतःच मोबाईलवर वाचलंस. तेव्हा तू मला फोन केला नाहीस. दोनाची एक गोळी केलीस. तोवर मी कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या खाली गोळ्या घालून पाठवलेलं पार्सल तिकडच्या कस्टमनं अडवलं. त्यांचं पत्र आलं तेव्हा तू घाबरून मला विचारलंस, आता काय करू. मी म्हणालो, सांग की खायचं सामान होतं, सोडून दे. सप्टेंबरच्या शेवटी डबे संपले. तेव्हाही तू मला विचारलंस. मी म्हणालो, थोडं थांब, कुणाच्या तरी हातानं पाठवतो.

तेरा दिवस तू थांबलीस. ११ ऑक्टोबरला फिट आली.

डॉक्टरांना हे असंच सांग. जुलैअखेर दोनाची एक, २८ सप्टेंबरला शेवटची गोळी.

अप्पा

सोलापूर, २१ फेब्रुवारी २०२५

चि. शिवलीला,

मागच्या पत्राचं उत्तर तू अव्वाला एका ओळीत दिलंस. "लाईन नीट होती का नव्हती, एवढं फक्त विचार त्यांना."

लाईन नीट होती.

दुपारचे अडीच वाजले होते. दुकानात फक्त एक बाई होती, तिच्या नातवाच्या खोकल्याचं औषध घेऊन तीही निघाली होती. विरेशचा आवाज मला शेजारी उभा असल्यासारखा येत होता. तो रडत नव्हता. एकेक शब्द सुटा बोलत होता. म्हणाला, "अप्पा, शिवलीला जिन्यात पडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बघितलं, तिचे हातपाय झटकत होते. आता आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. ती शुद्धीत नाही. डॉक्टर विचारतायत, तिला आधी कधी असं झालं होतं का? नीट आठवून सांगा."

मी म्हणालो, "नाही."

"लहानपणी? तापात वगैरे?"

"नाही."

"कुठली गोळी चालू होती का तिची?"

"कॅल्शियम," मी म्हणालो.

मग तो तिथल्या कुणाशी तरी बोलला. तो त्यांना नाही, नाही असं सांगतोय एवढं मला कळलं. त्याचा माझ्यावर विश्वास होता म्हणून तो ठामपणे सांगत होता. फोन ठेवताना मला म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका, अव्वांना सांभाळा."

त्यानंतर चार तास होते माझ्याकडं. त्याचा नंबर माझ्यासमोर होता. मी दोनदा बटण दाबलं आणि वाजायच्या आत बंद केलं. मनाशी म्हणालो, डॉक्टर लोक हुशार आहेत, तिकडं मशीन आहेत, त्यांना कळेलच. त्यांना वाटलं, गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तसं काहीतरी असेल. ते त्या वाटेनं गेले. संध्याकाळी साडेसहाला विरेशचा परत फोन आला, तुला अजून दोन झटके आलेत आणि बाळाचे ठोके लागत नाहीत. तेव्हासुद्धा मी बोललो नाही. आता बोलून काय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर आलीस आणि पडल्या पडल्या तूच त्याला सांगितलंस. माझं काम तू केलंस.

बाळ पडल्यामुळं गेलं की नंतरच्या झटक्यांनी, हे तिथले डॉक्टर सांगू शकत नाहीत असं अव्वा म्हणते. मी रोज यावर विचार करतो. पडल्यामुळं असेल तर माझा दोष थोडा कमी होतो का, हे मी मोजत बसतो. असा माणूस आहे मी.

मुलगी होती हे मला अव्वानं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "नानु हेळिद्दे." म्हणजे, "मी सांगितलं होतं." तेवढंच. त्या दिवसापासून ती ताट वाढते आणि आतल्या खोलीत जाते.

अप्पा

सोलापूर, १८ मार्च २०२५

चि. शिवलीला,

सोबत पृथ्वीराज डॉक्टरांचं पत्र आहे, इंग्रजीत, त्यांच्या सही-शिक्क्याचं. २०१३ च्या आलेखाची आणि स्कॅनची प्रत आहे. कागद हरवले असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते देवघराच्या खालच्या कपाटात होते.

डॉक्टर आता थकलेत, पण दवाखान्यात बसतात. दहा वर्षांनी गेलो तरी ओळखलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. तुझी जुनी फाईल मागवली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. त्यांच्या अक्षरात होतं, लग्नाआधी व गरोदरपणाआधी आणणे, वडिलांना सांगितले. तारीख नोव्हेंबर २०१५. मला ते सांगितल्याचं आठवत नव्हतं, असं मी म्हणणार होतो. पण आठवत होतं.

ते म्हणाले, "गुरुशांत, दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळत नाही." आणि पत्र लिहायला घेतलं.

त्याच आठवड्यात एसटीनं अकलूजला जाऊन आलो. विरेशनं आई-वडिलांना अजून सांगितलेलं नाही, तू पडलीस एवढंच त्यांना माहीत आहे, असं अव्वाकडून कळलं होतं. त्याच्यावर हे सांगायची पाळी यायला नको म्हणून मी गेलो. विरेशचे वडील, आण्णा, पडवीत पेपर वाचत होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढलेला माणूस, बोलायला कमी. त्यांनी चहा मागवला. मी म्हणालो, आधी ऐका, मग चहा द्यायचा का ते ठरवा.

ऐकून झाल्यावर ते बराच वेळ चप्पल शोधत होते. पायातच होती. मग म्हणाले, "म्हंजी पोरीला आधीपास्नं हाय हे."

"होय."

"आन् आमच्या पोराला तुमी फोनवर न्हाय म्हनून सांगितलं. ती पडलेली असताना."

"होय."

"आजारी हाय म्हनून आमी ती पोरगी नाकारली असती का न्हाय, ते आता तुमाला कदीच कळायचं न्हाय. मलाबी न्हाय. तेवडं तुमी आमच्याकडनं काडून घेतलं बघा." आतून तुझ्या सासूबाई आल्या होत्या, त्या दाराला धरून उभ्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "ती पोर तितं एकटी गोळ्या मोजत बसली असंल." आणि आत गेल्या. चहा आला नाही. मी स्टँडवर आलो.

काल दुकानात एक आई आली होती. मुलीसाठी तीच गोळी हवी होती, चिठ्ठी नव्हती. म्हणाली, स्थळ चालू आहे, दवाखान्यात कशाला न्यायचं, तुम्हाला तर माहितीये सगळं. मी तिला बसवून अर्धा तास बोललो. नाव न घेता तुझी सगळी हकीकत सांगितली. तिनं मान डोलावली, उठली, रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेली आणि पाकीट घेऊन रिक्षात बसली.

अप्पा

सोलापूर, २५ एप्रिल २०२५

चि. शिवलीला,

अव्वानं तुझा निरोप वाचून दाखवला. कागद पोचले, तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलली, तीन आठवडे झटका नाही, तपासणीला विरेश बरोबर येतो. आणि शेवटी, "आता अप्पांची पत्रं नकोत."

बरोबर आहे. हे पत्र मी पोस्टानं पाठवत नाही, अव्वाबरोबर देतो आहे. ती परवा तुझ्याकडं यायला निघते. तिची रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी तीन महिन्यांची घेतली आहे, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या पत्रासकट. तिनं ती माझ्या दुकानातून घेतली नाही. नव्या पेठेत जाऊन आणली. ती परत कधी येणार हे मी विचारलं, तर म्हणाली, तीन महिन्यांचा व्हिसा आहे, पुढचं पुढं.

तू नको म्हटल्यावरही लिहितोय, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पृथ्वीराज डॉक्टरांच्या पत्रात तुझा ऑक्टोबरच्या आधीचा शेवटचा झटका जानेवारी २०१४ चा लिहिला आहे. ती तारीख त्यांना मी सांगितली. ती खरी नाही.

१६ जून २०२१. लग्न ठरून आठ दिवस झाले होते. दुपारी जेवून तू झोपली होतीस. मी आणि अव्वा शेजारच्या खोलीत आहेराची यादी करत होतो. पलंगाचा आवाज आला म्हणून गेलो. तीन मिनिटं चाललं, आधीपेक्षा जोरात. थांबल्यावर तू गाढ झोपलीस. संध्याकाळी उठलीस तेव्हा जीभ चावलेली होती, अंग ठेचल्यासारखं दुखत होतं, उशीवर रक्त होतं. तू विचारलंस, "अप्पा, मला काय झालं होतं?" मी म्हणालो, "ताप आला होता, झोपेत दात लागला." अव्वाला मी कुणाला न सांगायची शपथ घातली. उशीचा अभ्रा तिनं त्याच दिवशी टाकून दिला.

तू दहा वर्षं झटका नाही असं धरून चालत होतीस. मीच तुला तसं म्हणायचो, तू बरी झालीस, गोळी आता नावापुरती आहे. दोनाची एक करताना तू त्याच भरवशावर होतीस, आणि तो भरवसा खोटा आहे हे मला आधीपासून माहीत होतं. गोळी चालू असतानाही तुला झटका आला होता, हे तुला ठाऊक असतं तर तू एकही गोळी कमी केली नसतीस. हे लिहिल्यावर तू मला माफ करशील अशी जी थोडी शक्यता उरली होती ती जाते. पण तिथले डॉक्टर नव्या गोळीचा डोस चुकीच्या तारखेवर ठरवत असतील. गाडी चालवायची परवानगी, पुढचं बाळ, सगळं त्या तारखेवरच ठरेल.

सोबत वेगळ्या कागदावर इंग्रजीत लिहून सही केली आहे. तारीख, वेळ, किती मिनिटं, गोळी चालू होती, साक्षीदार आई-वडील. अव्वानंही सही केली आहे. तिनं सही करायच्या आधी पूर्ण वाचून घेतलं.

तो कागद फाईलला लाव. हे पत्र ठेवायची गरज नाही.

गुरुशांत